मानमोडी, काढा आणि शेवटचं ताट

थंडी पडायला लागली. पहाटे गोठ्याकडे जाताना कानाला फडकं गुंडाळावं लागतंय, पोरांची नाकं वाहायला लागलीत. मागच्या आठवड्यात कार्यक्रमाला जे फोन आले, त्यांतल्या बऱ्याच जणींनी एकच विचारलं. प्रतिकारशक्ती वाढवायला घरच्या घरी काय करावं? काढा कशाचा करावा, हळदीचं दूध किती दिवस द्यावं, गुळवेल रोज घेतली तर चालते का? उत्तरं आज देणारच आहोत, पण शेवटाला. आधी एक जुनी गोष्ट सांगतो. उत्तरं शोधायला आम्ही बसलो आणि आमच्याच गटातून ती निघाली.

आमच्यातल्या एकीच्या माहेरी देव्हाऱ्यात चांदीचा एक टाक आहे. अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठा. त्यावर बाईची आकृती ठोकलेली आहे, घासून घासून तिचं नाक-डोळे आता दिसत नाहीत. ती पणजोबांची पहिली बायको. दुसरी आली तिने, म्हणजे आमच्या मैत्रिणीच्या पणजीने, हा टाक जन्मभर गळ्यात घातला. सवतीचा टाक घालायची तेव्हा रीतच होती. पहिली कशाने गेली असं विचारलं की घरात एकच शब्द सांगतात, मानमोडीत. पदरात एक लेकरू होतं म्हणतात. तिचं नाव मात्र कुणालाच सांगता येत नाही.

मानमोडी म्हणजे १९१८ सालची इन्फ्लुएन्झाची साथ. शहरातल्या कागदांत तिला इन्फ्लुएन्झा म्हटलं, आपल्या गावांनी तिला मानमोडी म्हटलं. चांगला धडधाकट माणूस दोन दिवसांत मान टाकायचा, म्हणून हे नाव. आपल्या गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचाराल तर प्लेग आणि मानमोडी ही दोन नावं अजून ऐकायला मिळतील. तारखा नाहीत मिळणार. "मानमोडीच्या सालात जन्मलेला" असं मात्र सांगतील.

तारखा आम्ही पुस्तकांतून काढल्या. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. सैनिकांना घेऊन बोटी मुंबईच्या बंदरात येत होत्या. १० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. त्यांतल्या एकाची नेमणूक गोदीवर होती. मग गोदी कामगार, कचेऱ्यांतले कारकून, गिरण्यांतले लोक. त्या वेळी शहराचे आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर होते, त्यांनी हे सगळं नोंदवून ठेवलं आहे. जून-जुलैतला ताप त्या मानाने सौम्य होता. लोकांना वाटलं, गेला. तो सप्टेंबरात परत आला, आणि या वेळी फुप्फुसं धरूनच आला. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. एका दिवसात, मैत्रिणींनो. मग रेल्वेच्या रुळांवरून ताप आत आला, नगर, पुणे, सातारा, खानदेश, वऱ्हाड. पुढच्या काही महिन्यांत मुंबई इलाख्यात दहा लाखांहून जास्त माणसं गेली. अख्ख्या हिंदुस्थानात किती गेली याचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण कमीत कमी म्हणणारेही सव्वा कोटीच्या आसपास म्हणतात. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. आपल्या देशाच्या जनगणनांमध्ये असं एकदाच झालं आहे.

महिने लक्षात घ्या. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. दिवसा ऊन, रात्री गारठा. आपण ज्याला "हवा बदलतेय, जपा" म्हणतो तोच हंगाम. आणि त्या साली आणखी एक गोष्ट घडली होती. पाऊस पडला नव्हता. १९१८ चा पावसाळा देशभरात सरासरीपेक्षा जवळजवळ चौथ्या हिश्शाने कमी झाला. खरीप गेलं. धान्य आधीच युद्धामुळे महाग होतं, ते आणखी महागलं. गुरांना वैरण नाही, घरात ज्वारी-बाजरी नाही. दख्खनमधली कुटुंबं पोट भरायला मुंबईकडे निघाली आणि तापाच्या तोंडात जाऊन पडली. म्हणजे साथ आली तेव्हा लोक निरोगी, पोटभर जेवलेले नव्हतेच. आधी भूक आली होती, ताप तिच्या मागून आला.

आता एक आकडा सांगतो. तो वाचला तेव्हा आम्ही बराच वेळ गप्प बसलो होतो. मुंबईत त्या साथीत कुणाचं किती माणूस गेलं याचा समाजवार हिशोब तेव्हाच मांडला गेला होता. युरोपियन लोकांत दर हजारी आठ-नऊ मृत्यू. पारशांतही साधारण तेवढेच. हिंदूंतल्या वरच्या मानलेल्या जातींत आणि मुसलमानांत एकोणीसच्या आसपास. आणि सरकारी कागदात ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटलं आहे, म्हणजे सफाईची, हमालीची, गोदीची कामं करणारे आपले लोक, त्यांच्यात एकसष्ट. शहर तेच आणि तापही तोच. औषध तर कुणाकडेच नव्हतं. साहेबाच्या डॉक्टरकडेही नव्हतं, कारण हा ताप ज्या विषाणूने येतो तो माणसात सापडला १९३३ साली, आणि पेनिसिलीनचा शोध लागला १९२८ साली. गोऱ्याच्या बंगल्यात आणि गोदीच्या चाळीत औषधाचा फरक नव्हता. मुख्य फरक होता तो ताटात काय आहे याचा. एका खोलीत किती माणसं झोपतात, खिडकी आहे की नाही, आणि ताप आल्यावर पडून राहायची सोय आहे की दुसऱ्या दिवशी कामावर जावंच लागतं, याचा.

आलं, मिरी, तुळस, गवती चहा, हळद, गूळ हे आपल्याकडे तेव्हाही होतंच. ही काही नवीन सापडलेली माहिती नव्हे. ज्या घरातली बाई टाकावर जाऊन बसली, त्या घरातही कुणीतरी चुलीवर काढा उकळला असेल. कदाचित तिनेच, स्वतः तापात असताना.

असं म्हणायला आधार आहे. ताप सहसा लहान लेकरांना आणि म्हाताऱ्यांना नेतो. या तापाने जगभर वीस ते चाळीस वयाची माणसं जास्त नेली. आणि बऱ्याच देशांत त्या वयाचे पुरुष जास्त गेले, आपल्याकडे बायका जास्त गेल्या. त्या वेळच्या सरकारी अधिकाऱ्यांनाही हे खुपलं आणि त्यांनी कारण लिहून ठेवलं. या देशातल्या बाया आजाऱ्याची शुश्रूषा करतात, आणि स्वतः आजारी पडल्या तरी करतच राहतात. घरात पाच जण तापाने पडलेले, पाणी कोण आणणार, पेज कोण करणार, उलटी कोण काढणार? फुप्फुसाला सूज असताना विहिरीवरून घागर आणणारं शरीर कसं तगेल? त्यात पोटुशी असेल तर विचारायलाच नको, हा ताप गरोदर बाईला फार वाईट.

सरकारी कागदात जे लिहिलेलं नाही ते आपल्याला ठाऊक आहे. दुष्काळाच्या सालात घरात धान्य कमी झालं की कमी कुणाच्या ताटात पडतं? आधी पुरुष, मग पोरं, मग सासू, आणि टोपल्यात काही उरलं तर सून. त्या सुनेचं शरीर तापाच्या आधीच सहा महिने उपाशी होतं. साथीने तिला नेलं हे खरं, पण निम्मं काम आधी झालेलं होतं.

आमच्या गटात आयुर्वेदाच्या बाजूच्याही आहेत आणि नर्सबाईही आहेत, त्यामुळे वाद भरपूर होतात. या वेळी मात्र दोघींचं एका ठिकाणी जमलं. चरकसंहितेत, आजपासून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात, एक विचार आहे. सगळी शरीरं रोगाला सारखीच तोंड देऊ शकत नाहीत. कोणती देऊ शकत नाहीत त्याची तिथे यादीच दिली आहे. फार लठ्ठ, फार रोड, ज्यांचं मांस-रक्त-हाड नीट भरलेलं नाही, दुबळी, न मानवणाऱ्या अन्नावर वाढलेली, आणि कमी जेवणारी. त्यावर पुढे अकराव्या शतकात टीका लिहिणाऱ्या चक्रपाणीने 'व्याधिक्षमत्व' हा शब्द समजावून सांगितला. आज डब्यावर जे 'इम्युनिटी' छापतात त्याच्या जवळ जाणारा हा शब्द. पण तिथे सगळा भर शरीर कसं भरलं-पोसलं आहे यावर आहे, एखाद्या पाल्यावर किंवा मुळीवर नाही. कमी जेवणाऱ्याला रोग लवकर धरतो, हे जुन्या वैद्यांनी साफ सांगितलेलं. आपण त्यातला पाला तेवढा उचलला आणि जेवण सोडून दिलं.

आणि आपल्या जुन्या बायांनी थंडीचं जेवण काय जमवलं होतं ते पाहा. कार्तिकात आवळा तयार होतो, त्याच्या झाडाखाली आवळीभोजन. आवळ्यात क जीवनसत्त्व भरपूर, संत्र्याच्या कितीतरी पट. १९४० च्या सुमारास पंजाबात हिस्सार भागात दुष्काळ पडला, भाजी-फळ नसल्याने लोकांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा आवळ्याच्या पुडीनेच लोकांना बरं केलं. बाजरी घ्या. ज्वारीपेक्षा तिच्यात लोह जास्त आणि चरबीही जास्त, म्हणून ती थंडीत खायची. तिळात चरबी आणि कॅल्शियम. हुलग्याचं माडगं, कोकणात कुळथाचं पिठलं, त्यात डाळीसारखं प्रथिन. (आमच्यातल्या एकीला माडग्याचा वासही सहन होत नाही. तिने मुगाचं कढण प्यावं, काही अडत नाही.) संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. वांगी, गाजर, घेवडा, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, शेंगदाणे, बोरं असं शेतात जे ताजं आहे ते सगळं एका पातेल्यात, वर तिळाचं कूट, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. 'न खाई भोगी तो सदा रोगी' असं म्हणतात ते काही उगाच नाही. डाळ, दाणा, भाजी, तेलबी, फळ, सगळं एका जेवणात बसवलं आहे. पोषणाच्या प्रशिक्षणात आम्हाला जे रंगीत तक्ते दाखवतात, त्यापेक्षा हे पातेलं आम्हाला जास्त समजतं.

डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, मेथीचे लाडू कुणासाठी होत होते ते आठवा. बाळंतिणीसाठी. अळिवात लोह भरपूर, खोबरं-गुळाबरोबर ते शिजवायचं, तूप घालायचं. सव्वा महिना बाईला आधी जेवायला मिळायचं, शेक मिळायचा, कुणी उठवायचं नाही. आम्ही गटात मोजून पाहिलं. आपल्या आयांच्या, आज्यांच्या आयुष्यात त्यांच्यासाठी म्हणून वेगळं काही शिजलं ते तेवढ्याच सव्वा महिन्यात, आणि तेही बाळाच्या दुधासाठी. जे शास्त्र बाळंतिणीच्या खोलीत ठाऊक होतं, ते उंबरठ्याबाहेर आलंच नाही.

आता म्हणाल ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. तर २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायांत शंभरातल्या चोपन्न जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. याच काळात कोरोना आला. एप्रिल २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने सांगितलं, तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका यांचा काढा घ्या, हळदीचं दूध घ्या, च्यवनप्राश घ्या. घरोघर पातेली चढली. काढा केला कुणी? गाळून सगळ्यांना दिला कुणी? आणि तळाचा चोथा पुन्हा पाणी घालून उकळून घेतला कुणी? आमच्या सात जणींपैकी पाच जणींनी हात वर केला. मग हसलो, पण ते हसण्यासारखं नव्हतं.

त्याच सुमारास गुळवेलीचं पेव फुटलं. काहींनी महिनोन्महिने रोज घेतली. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याचं वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, त्यांनी वनस्पती ओळखण्यात गफलत झाली असेल म्हटलं. कोण बरोबर ते ठरवायला आम्ही बसलेलो नाही. पण गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असते हे खरं, आणि कुंपणावरून तोडलेली वेल रोज पोटात घालणं धोक्याचं. कावीळ, मधुमेह, सांधेदुखीची किंवा दुसरी कायमची औषधं चालू असतील त्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

तर आता फोनवरची उत्तरं. काढा प्यावा, जरूर. गरम पातळ पोटात गेलं की घशाला बरं वाटतं, कफ सैल होतो, पाणी पोटात जातं. दिवसातून एक-दोन कप पुरे. आलं-मिरीचा कडक काढा चार-चार वेळा प्यायलात तर पोटात आग पडेल. हळदीचं दूध चांगलं, त्यातलं दूध जास्त चांगलं. नुसत्या हळदीने सर्दी थांबते असं कुणी सिद्ध केलेलं नाही. आवळा, लिंबू, पेरू खा. क जीवनसत्त्वाने सर्दी येणं टळत नाही, रोज घेत असाल तर आली ती थोडी लवकर जाते, एवढंच तपासण्यांत दिसलं आहे. पण भाकरी-पालेभाजीवर लिंबू पिळलंत तर त्यातलं लोह अंगाला लागतं, हा फायदा मोठा. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, तो तेच लोह अडवतो. तासाभराने घ्या. खोकल्याला मध चालतो, पण वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवूही नका. पोरांना उकळत्या पातेल्यावर वाफ देऊ नका, भाजण्याचे प्रकार फार होतात. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करायला काहीच हरकत नाही.

रात्री थंडीने सगळी दारं-खिडक्या बंद करून, आत चूल नाहीतर शेगडी पेटती ठेवून झोपता ना? खिडकीची एक फळी उघडी ठेवा. १९१८ मध्ये टर्नरसाहेबांनीही लोकांना सांगितलं होतं, गर्दी टाळा, मोकळ्या हवेत राहा. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्यांनी मोकळी हवा कुठून आणायची ते मात्र कुणाला सांगता आलं नाही. फ्लूची लस निघाली आहे. गरोदर बाया, मधुमेह-दम्याची माणसं, म्हातारी माणसं यांच्यासाठी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. आणि धाप लागली, ओठ निळे दिसले, तीन दिवसांत ताप उतरला नाही, लेकरू दूध ओढेना, तर काढ्याचं पातेलं खाली ठेवा आणि दवाखाना गाठा.

ताप आलेल्या बाईने पडून राहावं, हेही यादीत घाला. फोनवर आम्ही हे म्हणालो तर एक ताई म्हणाल्या, "मग दूध कोण काढणार?" बरोबर आहे त्यांचं. आमच्याकडेही याचं सोपं उत्तर नाही. त्यांच्या वाडीतल्या तीन घरांनी मिळून असं ठरवलं आहे, की एकीला ताप आला तर दुसऱ्या दोघी तिची धार काढतील आणि पाणी भरतील. मागच्या महिन्यात दोनदा ते झालं म्हणे. एकदा भांडणही झालं, पण धार काढली गेली.

मैत्रिणीच्या माहेरचा टाक दिवाळीत लखलखीत करून ठेवला आहे. तिचा चुलता म्हणतो, गुरवाकडे किंवा तलाठ्याच्या जुन्या दप्तरात नाव सापडेल. तलाठ्याकडे पणजोबांचं नाव सापडलं, जमिनीमुळे. तिचं अजून नाही. जन्म-मृत्यूचं जुनं बुक तालुक्याला आहे, ते पाहायला आम्ही दोघी येत्या सोमवारी जाणार आहोत.

तुमच्या घरी मानमोडीची काही आठवण असेल, कुणी गेलेलं, कुणी वाचलेलं, कुणाच्या गळ्यातला टाक, तर बुधवारी दुपारी फोन करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारून करा. नाव ठाऊक असेल तर नाव सांगा.